गाडी जुनी, कागद कुठाय?

संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणारा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट म्हणजे काय, हे उरणमध्ये कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जासई, चिरले, करळ, सोनारी या गावांत शेजारीशेजारी असलेल्या, मापाने सारख्याच दोन प्लॉटांचे भाव वेगळे निघतात. एकाची वारसनोंद पुरी झालेली असते, दुसऱ्यावर आत्याची सही राहिलेली असते. म्हणून दलाल जागा दाखवण्याआधी फाइल दाखवतो आणि घेणाराही आधी फाइलच चाळतो. १९८४च्या आंदोलनात ज्या तालुक्याने जमिनीच्या मोबदल्यासाठी माणसे गमावली, तिथे ही सावधगिरी अंगात मुरलेली आहे.

हाच सावध माणूस जुन्या गाडीसमोर उभा राहिला की फाइल विसरतो. बॉनेट उघडून आठ सिलिंडरचे इंजिन दाखवले, क्रोमचा बंपर चकाकला आणि ‘शेठ, अशी अख्ख्या भारतात एकच’ असे कोणी कानाशी म्हटले, की खिशातला हात बाहेर येतो. पुढच्या काही वर्षांत असे प्रसंग वाढणार आहेत, आणि त्यामागे सरकारी नियमातला एक बदल आहे.

परदेशातून जुनी गाडी हौसेने आणायची तर ती १ जानेवारी १९५०पूर्वी बनलेली असावी, अशी अट आपल्याकडे दीर्घकाळ होती. २०२५च्या सुरुवातीला विदेश व्यापार महासंचालनालयाने ती सैल केली आणि ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना दार उघडले. ही मर्यादा दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकते. याचा अर्थ असा की अमेरिकी मसल कारचा जवळजवळ सगळा जमाना या एका ओळीत बसला. सीमाशुल्क, जीएसटी, नोंदणी हे सगळे भरावे लागतेच. पण आजवर जे पोस्टरवर होते ते आता बिलावर येऊ शकते.

हा जमाना होता मोठा गमतीचा. जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी मधल्या आकाराच्या गाड्यांत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये असा दंडक घातला होता. पाँटिॲकच्या जॉन डीलोरियन आणि मंडळींनी १९६४ साली पळवाट काढली. टेंपेस्ट या साध्या गाडीला ‘जीटीओ’ नावाचा जादा साहित्याचा संच लावला, आणि त्या संचात ३८९ क्युबिक इंचांचे, म्हणजे साधारण ६.४ लिटरचे इंजिन घातले. दंडक नव्या गाडीला होता, संचाला नव्हता. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मग फोर्ड, शेवरले, डॉज, प्लिमथ सगळेच या शर्यतीत उतरले. पुढे विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते भरमसाट वाढवले, १९७०च्या स्वच्छ हवा कायद्याने धुराला वेसण घातली आणि १९७३च्या तेलसंकटाने उरलेसुरले काम केले. दहा वर्षांत खेळ आटोपला.

पळवाटेचा एक परिणाम मात्र आजही गिऱ्हाइकाच्या डोक्याला ताप आहे. १९६४ आणि १९६५च्या जीटीओच्या चेसिस नंबरात ‘जीटीओ’चा मागमूस नाही, कारण कागदोपत्री ती निराळी गाडी नव्हतीच. तेव्हा टेंपेस्टचीच साधी लेमान्स घेऊन तिच्यावर जीटीओची चिन्हे आणि बॉनेट चढवले की ‘दुर्मिळ’ गाडी तयार. शेवरलेच्या शेवेल एसएसची १९६९ आणि १९७० सालची गोष्टही तीच. नंबर एवढेच सांगतो की गाडी आठ सिलिंडरची मालिबू होती. अमेरिकेत अशा सजवलेल्या गाड्यांना सरळ ‘क्लोन’ म्हणतात आणि क्लोन म्हणून विकल्या तर त्यात गैर काही नाही. गैर सुरू होते ते भाव अस्सलचा मागितल्यावर.

दुर्मिळतेचे गणित हा तर स्वतंत्र विनोद आहे. अमुक रंग, तमुक छत, एसी आहे पण रेडिओ नाही, मागच्या काचेला डीफॉगर आहे, असे निकष एकापुढे एक लावत गेले की कोणतीही गाडी अखेर ‘जगात एकमेव’ ठरते. या हिशेबाने मुंबईतली प्रत्येक ॲम्बेसेडरही एकमेव निघेल. संख्या खरी असते, तिचा मागणीशी संबंध मात्र नसतो. सहा सिलिंडरच्या, चार दारांच्या कित्येक साध्या गाड्या आज त्यांच्या बलदंड भावंडांपेक्षा कमी उरल्या आहेत, कारण त्या कोणी जपल्याच नाहीत. आजही त्यांना कोणी विचारत नाही.

न खपल्यामुळे दुर्मिळ झालेली आणि तरीही मोलाची ठरलेली गाडी म्हणजे १९६९ची शेवरले कॅमॅरो झेडएल-१. तिचे सात लिटरचे इंजिन संपूर्ण ॲल्युमिनियमचे होते. एकट्या इंजिनाचा जादा आकार ४,१६० डॉलर आणि गाडीची एकूण किंमत ७ हजारांवर, म्हणजे साध्या कॅमॅरोच्या दुपटीहून जास्त. ६९ गाड्या बनल्या. विक्रेत्यांच्या अंगणात त्या पडून राहिल्या, काही कंपनीकडे परत गेल्या. तेव्हा ‘दुर्मिळ’ म्हणून त्यांना कोणी हात लावला नाही. शर्यतीच्या मैदानावर तिचे नाव झाले, ज्या पोरांनी ती तेव्हा काचेतून पाहिली होती ती पन्नाशीत पैसेवाली झाली, आणि मग ६९ या आकड्याला अर्थ आला. १९७१ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल फक्त ११ बनली. त्यातली एक २०१४ साली सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. इथेही ११ हा आकडा एकटा काही करत नाही. ४२६ क्युबिक इंचांचे हेमी इंजिन, उघडे छत आणि त्या प्रकारचे शेवटचे वर्ष अशा तीन गोष्टी एका पत्र्यात आल्या आणि त्यांच्यासाठी झगडणारे पुरेसे लोक होते.

मग ‘भारतात एकच’ या वाक्याचे काय करायचे? १९६६ सालच्या फोर्ड मस्टँग ६,०७,५६८ बनल्या. अमेरिकेत ती जुन्या गाड्यांच्या कुठल्याही बाजारात मिळते. आपल्याकडे ती तुरळक आहे, कारण मोटारींची आयात तेव्हा जवळजवळ बंद होती. शिवडीत १९२८ साली जनरल मोटर्सने शेवरले जोडणीचा कारखाना काढला होता, तो १९५४ साली बंद झाला. फोर्डही त्याच सुमारास गेली. त्यानंतर मोठी अमेरिकी गाडी इथे यायची ती मुख्यतः वकिलातींच्या दारातून, आणि वकिलातीचा माणूस परत निघाला की स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत ती विकली जायची. सिनेमावाल्यांच्या आणि कारखानदारांच्या इम्पालांमधल्या बऱ्याच अशाच आल्या. म्हणजे भारतातली दुर्मिळता ही गाडीची नसून आपल्या आयात धोरणाची आहे. ती दुर्मिळता दार उघडताच पातळ होते. आता दार उघडले आहे, तेव्हा ‘भारतात एकच’ला आजचा भाव देणाऱ्याने पुढच्या वर्षी बंदरात काय उतरेल याचाही विचार करावा.

बंदराचा विषय निघालाच आहे तर एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४नुसार मालाचे मूल्य म्हणजे प्रत्यक्ष व्यवहाराची किंमत, आणि ती पटली नाही तर २००७च्या मूल्यांकन नियमांतल्या नियम १२नुसार अधिकारी ती नाकारू शकतो. त्यामुळे कस्टम हाउसच्या टेबलावर गाडी असते ‘जुनी, वापरलेली, किरकोळ दुरुस्ती आवश्यक’. तीच गाडी विक्रीच्या जाहिरातीत येते तेव्हा ‘अत्यंत दुर्मिळ, अस्सल, कलेक्टरसाठी’ असते. घेणाऱ्याने जाहिरातीच्या शेजारी आयातीचे कागद ठेवून वाचावेत. अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

उरलेले अर्धे प्रश्न लोखंडावर कोरलेले असतात. क्रायस्लर समूहाच्या गाड्यांत ही सोय बरी आहे. १९७०च्या हेमी कुडाचा नंबर ‘बीएस२३आर०बी’ असा सुरू होतो. ‘बी’ म्हणजे बाराकुडा, ‘२३’ म्हणजे दोन दारी हार्डटॉप, पाचवे अक्षर ‘आर’ म्हणजे हेमी इंजिन, शून्य म्हणजे १९७० साल आणि शेवटचा ‘बी’ म्हणजे हॅमट्रॅमिकचा कारखाना. पाचवे अक्षर ‘आर’ नसेल तर बॉनेटखाली कितीही जबर हेमी गुरगुरत असो, ती कारखान्यातून हेमी म्हणून निघालेली नाही. १९६८पासून गाडीच्या नंबरचा काही भाग इंजिनाच्या ब्लॉकवरही कोरला जाऊ लागला, त्यामुळे मूळचे इंजिन की मागाहून बसवलेले, हे जुळवून पाहता येते. ओतीव भागावरची तारीख गाडीच्या तारखेआधीची हवी. गाडी मार्चमध्ये बनली आणि ब्लॉक जूनमध्ये ओतला असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. खोटे पंचिंग तिकडेही चालते. म्हणून जाणकार नंबर वाचून थांबत नाही, नंबराखालचा पृष्ठभाग पाहतो. शेवरलेच्या कारखान्यात ब्लॉक तासताना त्यावर बारीक समांतर रेषा उमटत. नंबर घासून नवा ठोकला की त्या रेषा जातात.

आपल्याकडे आरटीओच्या फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिलीने ठसा घ्यायची जुनी पद्धत आहे. कागद दाबायचा, शिसे घासायचे, आकडे उमटतात. एजंटाच्या लेखी ती डोकेदुखी आहे. खरे तर जुन्या गाडीच्या बाबतीत तो ठसा म्हणजे उत्तम पुरावा. १९७०चा ठसा आणि आजचा ठसा शेजारी ठेवले तर अक्षराचे वळण बदलले का ते शेंबडे पोरही सांगेल. पण १९७०चा ठसा ज्या फाइलीत आहे ती फाइल कुठल्या गठ्ठ्यात आहे?

कागदाचे वजन किती असते हे ‘बुलिट’ सिनेमाच्या दोन मस्टँगांनी दाखवले. स्टीव्ह मॅक्क्वीनने १९६८ साली चालवलेली हिरवी मस्टँग एका अमेरिकी कुटुंबाने १९७४ साली ६ हजार डॉलरला घेतली. ती घरगुती वापरात राहिली. १९७७ साली खुद्द मॅक्क्वीनने पत्र लिहून ती परत मागितली, कुटुंबाने दिली नाही. रंग उडालेला, गंज चढलेला, तरी तिला नवा साज चढवला नाही. २०२० साली ती लिलावात आली आणि शुल्कासह ३७.४ लाख डॉलरला गेली. चित्रीकरणातली दुसरी गाडी मेक्सिकोत भंगारात सापडली, ओळखू न येण्याजोगी. तिची ओळख पटली ती नंबरावरून, कारण १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादन नोंदी केव्हिन मार्टी या माणसाकडे आहेत आणि कोणालाही पैसे भरून आपल्या गाडीचा अहवाल मागता येतो. पाँटिॲकच्या नोंदींसाठीही अशी सेवा आहे.

कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यातून १९४७ साली क्रायस्लरच्या परवान्याने गाड्या बाहेर पडू लागल्या. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतीचा तो पराक्रम. डॉज किंग्जवे, प्लिमथ, डीसोटो ही नावे एकेकाळी मुंबईच्या टॅक्सीस्टँडवर रोजची होती. म्हणजे ज्या कंपनीने पुढे हेमी बनवली तिच्या आधीच्या पिढीच्या गाड्या आपल्या मराठी कामगारांनी जोडल्या आहेत. पण एखाद्या डॉजच्या मालकाला तिचा मूळ रंग कोणता, ती कोणत्या महिन्यात बाहेर पडली, इंजिन कोणते होते हे पैसे भरून विचारता येईल अशी खिडकी महाराष्ट्रात नाही. अमेरिकेत कागद शोधतात, आपण मेकॅनिकला विचारतो, आणि मेकॅनिक त्याच्या वडिलांचे नाव सांगतो.

गाड्यांचे हालही आपणच केले. पेट्रोल महागले तेव्हा मोठ्या अमेरिकी गाड्यांतली मूळ इंजिने उतरवून मॅटॅडोरची डिझेल इंजिने बसवली गेली. मूळ इंजिन किलोच्या भावाने गेले. डावे स्टिअरिंग अडचणीचे म्हणून उजवीकडे आणले, त्यासाठी डॅशबोर्ड कापला. वास्तविक मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार इशाऱ्याचे विहित साधन चालू स्थितीत असेल तर डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवता येते. उरणसारख्या ठिकाणी तर पत्राही शत्रू होतो. मोरा, करंजा, पिरवाडीच्या बाजूला खारा वारा दाराखालची पट्टी आणि चाकावरची कमान आतून खात जातो. वरून पुट्टी आणि चकचकीत रंग मारला की दिसत नाही. साधे लोहचुंबक घेऊन पत्र्यावर फिरवले तर पुट्टीवर ते धरत नाही. कोट्यवधींच्या सौद्याआधी पन्नास रुपयांचे चुंबक वापरायला लाज कसली?

केंद्राने जुलै २०२१मध्ये जे व्हिंटेज नियम काढले, त्यांचा रोख योग्य आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली असेल तर ती व्हिंटेज. नव्या नोंदणीला २० हजार, फेरनोंदणीला ५ हजार रुपये, मुदत १० वर्षे. पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. ‘बी’ने सुरू होणारी पाटी जुन्या मुंबई राज्याची, ‘एम’ची महाराष्ट्र स्थापनेनंतरची, ‘एमएच’ १९८९पासूनची. पाटी हाच इतिहासाचा तुकडा आहे आणि हौसेखातर फॅन्सी नंबर घेऊन तो पुसणाऱ्याला काय म्हणावे? कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा लोक गर्दी करतात. तशा गाड्या जगात किती उरल्या असतील हे त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसते. एका घराण्याकडे, एका गावात, सलग राहिलेली गाडी म्हणून तिचे मोल आहे.

व्हिंटेज गाडी रोज चालवायला मात्र बंदी आहे. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरती ती रस्त्यावर यावी. तेव्हा चारशे अश्वशक्तीची गाडी घेऊन चिरल्याहून शिवडीला अटल सेतूवरून रोज जाण्याची स्वप्ने पाहणाऱ्याने सेतूवरची १०० किलोमीटरची वेगमर्यादाही लक्षात घ्यावी.

नियमांत खोट आहे ती दोन ठिकाणी. गाडी ‘मूळ स्वरूपात’ आहे हे ठरवायचे कशावरून? पनवेलच्या आरटीओतला निरीक्षक दिवसभर कंटेनर ट्रेलरांचे पासिंग करतो. त्याला १९६९च्या ब्लॉकवरच्या रेषा ओळखता याव्यात ही अपेक्षा अन्यायाची आहे. जर्मनीत ३० वर्षांवरच्या गाडीला ‘एच’ पाटी देण्याआधी तज्ज्ञाचा लेखी अहवाल लागतो. आपल्याकडेही तसा अहवाल, ठशासह आणि छायाचित्रांसह, फाइलीत कायमचा राहिला पाहिजे. त्याच्याबरोबर राज्याच्या परिवहन विभागाने ताडदेव, पुणे, कोल्हापूर, नागपूर येथली नोंदणीची जुनी रजिस्टरे स्कॅन करून चेसिस नंबरानुसार खुली करावीत. मालकांची नावे झाका, गाडीची माहिती झाकू नका. हाती लिहिलेल्या आरसीची ‘वाहन’ प्रणालीत बॅकलॉग नोंद करताना एक आकडा इकडचा तिकडे झाला की साठ वर्षांची गाडी संशयित होते, आणि तो आकडा तपासायला मूळ पान लागते. हे काम खर्चिक नाही. कंटाळवाणे आहे, म्हणून ते होत नाही.

दुसरी खोट वयाची. मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. एकेकाळी हजारोंनी असलेल्या या गाड्या भंगारात गेल्या, आणि गेल्यावर सगळ्यांना गहिवर आला. तिच्याहून अवघड जागी उभी आहे ती कॉन्टेसा, जिला आपल्याकडे हौसेने ‘देशी मसल कार’ म्हणतात. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ ते २००२ ही गाडी बनवली. ढाचा ब्रिटिश व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, आरंभीचे इंजिन ॲम्बेसेडरचे, जेमतेम ५० अश्वशक्तीचे. बळ आले ते पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसल्यावर. मूळ इंजिनाची, न कापलेली कॉन्टेसा आज शोधूनही मिळत नाही. बहुतेकींच्या पोटात डिझेल आहे, नाहीतर अंगावर मस्टँगच्या पट्ट्या.

ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेच्या व्याख्येत ३० वर्षे पुरेशी आहेत. आपल्याकडे पंधरा ते पन्नास या वयातल्या गाडीला नावच नाही. ती फक्त जुनी. पंधरा वर्षे झाली की दर ५ वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर, आणि २० वर्षांनंतर चारचाकीच्या नूतनीकरणाला २०२५पासून १० हजार रुपये. नेमक्या याच वयात मालक कंटाळतो आणि गाडी तोडतो. १९८४ साली नोंदलेल्या कॉन्टेसाला व्हीए पाटी २०३४ साली मागता येईल, २००२च्या गाडीला २०५२ साली. तोवर ती जपणाऱ्याला सरकारच्या लेखी हौशी माणूस म्हणतात की प्रदूषण करणारा, हे परिवहन विभागाने एकदा लेखी सांगावे.